माउली, आधी तुम्ही



आजचं चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १२, श्लोक १५

बाराव्या अध्यायात तेराव्या श्लोकापासून भगवान आपल्या आवडत्या भक्ताची लक्षणं सांगायला लागतात. आजच्या श्लोकातलं लक्षण दुहेरी आहे. या भक्तामुळे लोकांना त्रास होत नाही, ही एक बाजू. आणि लोकांमुळे याला त्रास होत नाही, ही दुसरी. पुढे चार गोष्टींची नावं येतात, ज्यांतून तो सुटलेला असतो : हर्ष, अमर्ष, भय आणि उद्वेग.

पहिली बाजू आपल्यापैकी बऱ्याच जणांना थोडीफार जमते. आपण कुणाच्या अध्यात-मध्यात नसतो. दुसरी मात्र अवघड आहे, आणि दोन्ही एकाच वेळी सांभाळणं त्याहून अवघड. देवघरात बसून हे लक्षण तपासताच येत नाही, कारण तिथे 'लोक' नसतात. अगरबत्ती कधी आडवी येत नाही आणि समई हॉर्न वाजवत नाही. हे तपासायचं तर जिथे अनोळखी माणसं एकमेकांपासून हातभर अंतरावरून जातात अशा ठिकाणी जायला हवं. शहरात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना ते ठिकाण रोजच मिळतं. रस्ता!

सकाळी स्नान, स्तोत्र, कपाळावर गंध, सगळं नीट होतं. आणि पहिल्याच सिग्नलला उलट्या बाजूने एक दुचाकी समोर येते. तेव्हा तोंडातून काय निघतं, हात हॉर्नवर किती वेळ राहतो, यात आजचा श्लोक आहे. म्हणून आज आपण गाडी चालवण्याबद्दलच बोलू या.

आधीच केलेली क्षमा

'डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंग' हा शब्द तुम्ही ऐकला असेल. त्याचा साधा अर्थ असा : समोरचा चुकणार आहे हे धरून गाडी चालवायची, आणि अशी चालवायची की तो चुकला तरी त्याला, आपल्याला आणि तिसऱ्या कुणाला इजा होऊ नये. लायसन्सच्या परीक्षेत आपल्याला चिन्हं येतात का, गाडी ताब्यात राहते का, एवढंच बघतात. इथे त्याच्या पुढचा प्रश्न आहे. दुसऱ्याच्या चुकीसाठी तुम्ही किती जागा ठेवली आहे?

थोडा विचार केलात तर लक्षात येईल की ही क्षमाच आहे. एरवी क्षमा चूक घडल्यानंतर करतात. ही चूक घडायच्या आधीच करून ठेवायची. आजच्या श्लोकाच्या दोनच श्लोक आधी भगवंतांनी भक्ताला 'क्षमी' म्हटलं आहे. रस्त्यावर ती क्षमा मीटरमध्ये मोजता येते.

कशी ते बघा. ताशी ६० किलोमीटरच्या वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. पुढे काही घडलं, ते डोळ्यांना दिसलं, मनाला कळलं आणि पाय ब्रेकवर गेला, एवढ्यात सावध माणसाचाही एक ते दीड सेकंद जातो. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच गाडी १७ ते २५ मीटर पुढे गेलेली असते. त्यानंतर ती थांबायला लागते. आणि वेग दुप्पट केला की ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर दुप्पट होत नाही, साधारण चौपट होतं. हे गणित नवा ड्रायव्हर, तीस वर्षं गाडी चालवणारा आणि रोज विष्णुसहस्रनाम म्हणणारा, सगळ्यांना सारखंच लागू आहे.

म्हणून जगभर शिकवतात की पुढच्या गाडीपासून निदान दोन सेकंदांचं अंतर ठेवा. ते मोजायला आपल्याकडे छान साधन आहे. पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की मनात सावकाश 'राम कृष्ण हरी' म्हणायला सुरुवात करा. नाम पूर्ण व्हायच्या आधीच तुम्ही त्या खांबाशी पोचलात, तर तुम्ही फार जवळ आहात. सावकाश एकदा म्हणायला किती वेळ लागतो ते घरी मोबाइलवर मोजून बघा आणि आपली लय दोन सेकंदांना जुळवून घ्या. पावसात किंवा रात्री नाम दोनदा घ्या. पहिल्या पावसात तर नक्कीच, कारण रस्त्यावर साचलेलं तेल आणि धूळ ओली झाली की डांबर साबणासारखं होतं. नामस्मरणही होतं आणि जीवही वाचतो!

'पण मधे कोणीतरी घुसतोच की!'

हा आक्षेप येणारच, आणि तो खरा आहे. पुण्या-मुंबईत अंतर सोडलं की ते लगेच भरतं. डावीकडून रिक्षा येते, उजवीकडून दुचाकी. मग अंतर ठेवायचं तरी कशाला?

थोडा हिशोब करू. एक जण मधे घुसला, तुम्ही वेग किंचित कमी करून पुन्हा दोन सेकंदांचं अंतर घेतलंत. तुमचं नुकसान किती? दोन सेकंद. ऑफिसला पोचेपर्यंत असे वीस जण घुसले तर चाळीस सेकंद. लिफ्टची वाट बघण्यात याहून जास्त वेळ जातो. मग एवढा राग कशाचा येतो? 'तो माझ्या पुढे गेला' याचाच ना?

या राग येण्याला गीतेत शब्द आहे : अमर्ष. आजच्या श्लोकातल्या चार शब्दांतला हा दुसरा. शंकराचार्य त्याचा अर्थ असहिष्णुता असा करतात, तर श्रीधरस्वामी म्हणतात की दुसऱ्याला काही मिळालं आणि ते आपल्याला सोसलं नाही, की तो अमर्ष. ओव्हरटेक झाल्यावर छातीत जे चरचरतं, ते हेच. आपल्याला उशीर झालेला नसतानाही चरचरतं, हे विशेष.

आता ज्ञानेश्वर माउलींनी या श्लोकावर दिलेला दृष्टांत आठवा. समुद्र कितीही उसळला तरी त्यात राहणारे जलचर त्याला घाबरत नाहीत, आणि ते जलचर त्याच्यात कितीही धुडगूस घालोत, समुद्र त्यांना कंटाळत नाही. जग उन्मत्त झालं तरी या भक्ताला त्याची खंत वाटत नाही, असं माउली पुढे सांगतात. आणि शेवटी शरीराची उपमा देतात. शरीर कधी आपल्याच अवयवांना विटतं का?

आपल्या रस्त्यांसाठी 'उन्मत्त' यापेक्षा नेमका शब्द मला तरी सुचत नाही! माउलींनी जग शहाणं झाल्यावर शांत राहा असं सांगितलेलं नाही. ते उन्मत्त आहे हे धरूनच सांगितलं आहे. डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंगची सुरुवातही तिथूनच होते.

वारीत चालला असाल तर एक गोष्ट अनुभवली असेल. गर्दीतून वाट हवी असली की वारकरी काय म्हणतो? 'माउली, जरा वाट द्या.' धक्का लागला तरी 'माउली' म्हणून हात जोडतो. लाखो माणसं एकाच रस्त्याने चालतात, दिंड्या ठरलेल्या क्रमाने जातात, आणि समोरचा कोण, कुठला, हे माहीत नसतानाही त्याला हाक मारायला हा एकच शब्द पुरतो. पुढच्या वेळी कोणी मधे घुसलं की शिवीच्या जागी हा शब्द ठेवून बघा. 'जा माउली, आधी तुम्ही.' सुरुवातीला उपरोधाने म्हणाल. हरकत नाही. चार-सहा दिवसांनी तो उपरोध आपोआप गळून पडतो.

बाकीचे तीन शब्द

हर्ष म्हणजे आवडतं काही मिळाल्यावर मनाला येणारं उधाण. मोकळा एक्सप्रेस-वे, आवडतं गाणं, मित्रांची गाडी मागे, आणि काटा आपोआप वर जातो. रागातच अपघात होतात असं आपण समजतो, पण आनंदाच्या भरातही भान तितकंच सुटतं. रिकामा रस्ता दिसला की पहिला विचार 'आता पळवू' असा येतो, तेव्हा त्याच्या शेजारी दुसरा ठेवायचा : रस्ता रिकामा आहे म्हणजे पुढच्या वळणापर्यंत रिकामा आहे. वळणापलीकडचं मला दिसत नाही.

भय. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. सावध चालवणं म्हणजे घाबरून चालवणं नव्हे. घाबरलेला माणूस विनाकारण ब्रेक मारतो, उजव्या लेनमध्ये ताशी तीसने चिकटून बसतो, चौकात अर्ध्यावर थांबतो. त्याच्यामुळे मागच्यांना उद्वेग होतो आणि लक्षणाची पहिली बाजू मोडते. सावध माणूस पुढचं आधी बघतो, म्हणून त्याला घाबरायची वेळ कमी येते. स्टॉपवर बस उभी आहे? तिच्या पुढून कोणीतरी पळत रस्ता ओलांडणार, हे त्याने धरलेलं असतं. कडेला नुकतीच मोटार लागली आहे? दार उघडणार. ट्रकच्या आरशात ट्रकवाल्याचा चेहरा दिसत नाही? म्हणजे त्यालाही आपण दिसत नाही, तिथे रेंगाळायचं नाही. आपला सिग्नल हिरवा झाला? तरी एकदा दोन्हीकडे मान वळवायची. 'सिग्नल माझा होता' हे वाक्य पंचनाम्यात उपयोगी पडतं, हाड जोडायला नाही.

आणि उद्वेग. मनाची तगमग. घरी भांडून निघालो, बॉसचा मेसेज आला, मीटिंग सुरू झाली. आपण जिथे आहोत तिथे मन नसतं, आणि खिशातला फोन त्याला आणखी लांब नेतो. ताशी ६० ने जाताना फक्त तीन सेकंद स्क्रीनकडे बघितलं तर ५० मीटर गाडी कोणीही चालवत नसतं. जप करताना मन भटकलं तर माळ फक्त हातात फिरत राहते. इथे भटकलं तर समोर कोण असेल, सांगता येत नाही.

सारथ्याकडून शिकू या

ज्याने ही गीता सांगितली, त्याने ती कुठे बसून सांगितली? सारथ्याच्या जागेवर बसून. आपला देव गाडी चालवणारा आहे! मग त्याने ती कशी चालवली, हे बघायला नको का? महाभारतातले दोनच प्रसंग सांगतो.

पहिला द्रोणपर्वातला, युद्धाच्या चौदाव्या दिवसाचा. सूर्यास्ताच्या आत जयद्रथाला मारीन, नाहीतर अग्निप्रवेश करीन, अशी अर्जुनाची प्रतिज्ञा. याहून कडक डेडलाईन कुणाची असेल? आणि अशा दिवशी, शत्रूच्या सैन्यात मधोमध, घोडे बाणांनी जखमी झालेत, दमलेत, हे अर्जुनाच्या लक्षात येतं. तो सुचवतो, आणि श्रीकृष्ण 'आता वेळ कुठे आहे?' असं म्हणत नाहीत. ते रथ थांबवतात. अर्जुन खाली उतरून शत्रूला थोपवून धरतो, बाणांनी जमिनीतून पाणी काढतो. आणि भगवान स्वतः घोडे सोडतात, त्यांच्या अंगातले बाण उपसतात, हाताने अंग चोळतात, पाणी पाजतात. घोडे ताजे झाल्यावरच रथ पुन्हा निघतो. आणि हो, जयद्रथवध त्या दिवशीच होतो.

रात्रभर गाडी हाणून पहाटे कोकणात पोचायचं ठरवणाऱ्यांनी हा प्रसंग आठवावा. डुलकी लागायला लागली, टायर गुळगुळीत झाले, ब्रेक दाबताना आवाज येतोय, आणि तरी 'एवढी ट्रिप होऊ दे, मग बघू' म्हणणाऱ्यांनीही.

दुसरा प्रसंग कर्णपर्वातला. कर्णाने सर्पबाण सोडला आहे, नेम अर्जुनाच्या मस्तकाचा. श्रीकृष्णांनी काय केलं? त्यांनी उलट वार केला नाही. पायांनी दाबून रथ जमिनीत रुतवला, घोडे गुडघ्यांवर बसले, आणि बाण अर्जुनाचा किरीट घेऊन निघून गेला. किरीट गेला, मस्तक राहिलं. तो किरीट म्हणजे अर्जुनाचा केवढा मान! पण सारथ्याने त्या क्षणी काय वाचवायचं आणि काय जाऊ द्यायचं, हे ओळखलं.

रस्त्यावर आपला किरीटच तर पणाला लागलेला असतो. समोरून एक जण रात्री हाय बीम लावून येतो, म्हणून आपणही हाय बीम लावतो. आता दोघेही आंधळे! मागचा हॉर्न वाजवतो म्हणून आपण मुद्दाम वाट देत नाही. अशा वेळी थोडं खाली बसायचं. बाण वरून जाऊ द्यायचा. घाटात तर आपल्याकडे हा नियमच आहे : उतरणाऱ्याने चढणाऱ्याला वाट द्यायची, कारण चढावर थांबून पुन्हा निघणं त्याला जास्त जड जातं. ज्याला सोपं आहे त्याने थांबायचं. हे घाटाखालीही पाळता येईल.

देव राखेल ना?

आता एक अवघड प्रश्न. आपण दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घालतो, डॅशबोर्डवर गणपती बसवतो, नवी गाडी लिंबावरून नेतो. मग हेल्मेट नसलं तर काय झालं? देव तारी त्याला कोण मारी!

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये आपल्या देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. रोज सरासरी ४६२. हेल्मेट न घातल्यामुळे गेलेल्यांचा त्यातला आकडा ५०,०२९ आहे. यांत श्रद्धाळू किती असतील? बहुतेक सगळेच कुणाला तरी हात जोडून घराबाहेर पडले असतील. त्यांची भक्ती कमी पडली, असं म्हणायचं धाडस कुणी करू नये. सगळी काळजी घेऊनही अपघात होतात. ज्यांच्या घरातलं माणूस असं गेलं आहे, त्यांच्यासमोर आपण फक्त हात जोडून उभं राहावं.

पण देव राखतो म्हणजे काय, याचं उत्तर त्या रथावरच आहे. प्रत्यक्ष भगवान रथावर असताना त्यांनी घोड्यांना पाणी पाजायचं सोडलं नाही. बाण येताना 'मी आहे ना' म्हणून ते स्वस्थ बसले नाहीत. त्यांनी हातपाय हलवले. अर्जुनानेही कवच उतरवून ठेवलं नव्हतं. देवाने आपल्याला राखण्यासाठी दिलेली साधनं म्हणजे डोळे, बुद्धी, ब्रेक, सीटबेल्ट आणि आयएसआय खूण असलेलं हेल्मेट. ते कोपरात अडकवून किंवा टाकीवर ठेवून 'देवा, सांभाळ' म्हणणं म्हणजे प्रसाद हातात घेऊन तो न खाता उपाशी राहिल्याची तक्रार करणं.

आणि एक लक्षात ठेवा. तुमच्या मागे कोणी बसलेलं असतं. आई, मैत्रीण, धाकटा भाऊ. त्यांनी आपला जीव तुमच्या हातात दिलेला असतो, बहुतेक वेळा न विचारता. समोरच्या सायकलवाल्याने, शाळेच्या गेटपाशी हात सोडून पळणाऱ्या पोराने तर तुम्हाला निवडलेलंही नसतं. या सगळ्यांसाठी तुम्ही त्या पाच-दहा मिनिटांपुरते सारथी असता. 'पोचलास का?' असा मेसेज कुठेतरी कोणीतरी तुमच्यासाठी टाईप करत असतं, तसा त्यांच्यासाठीही.

आजचा अभ्यास

फार काही नाही. आज एका फेरीपुरतं, घर ते ऑफिस किंवा कॉलेज, एवढंच करायचं :

१. पाच मिनिटं आधी निघा. अर्धा अमर्ष आणि बराचसा उद्वेग इथेच संपतो.

२. किल्ली फिरवायच्या आधी फोन सायलेंटवर, हेल्मेटचा पट्टा बंद किंवा सीटबेल्ट लावलेला, आणि एक दीर्घ श्वास.

३. पुढच्या गाडीपासून एका नामाचं अंतर. कोणी मधे आलं की 'माउली', आणि पुन्हा एका नामाचं अंतर.

४. निदान तीन जणांना मुद्दाम वाट द्या. त्यांतला एक तरी पायी चालणारा असू द्या.

५. पोचल्यावर गाडीतून उतरायच्या आधी क्षणभर थांबा आणि आजचे दोन प्रश्न स्वतःला विचारा. माझ्यामुळे आज कुणाला दचकावं लागलं का? कुणामुळे माझं मन बिघडलं का?

पहिल्या दिवशी दोन्ही उत्तरं 'हो' आली तरी बिघडत नाही. उद्या रस्ता तोच आहे आणि माउलीही त्याच असतील.

हे पार्थसारथी, आज आमच्या हातात लगाम आहे. ज्यांना आम्ही ओळखत नाही त्यांनाही घरी सुखरूप पोचू दे, आणि त्यात आमच्याकडून अडथळा न होवो.

गाडी चालवत असताना हे वाचत असाल, तर आधी फोन ठेवा!

राम कृष्ण हरी.